ब्रिटन, रॉटरडॅम आणि आपला माल: ३१ डिसेंबरनंतर काय?

प्रेषक: बागवाला, दिंडोरी तालुका
गुरुवार, १० डिसेंबर २०२०, सकाळी ६.४०

सगळ्यांना नमस्कार,

इंग्लंडमधलं लेस्टर सोडून नाशकात परत येऊन नऊ वर्षं झाली तरी मंडळाच्या ई-मेल लिस्टमधनं माझं नाव कुणी काढलं नाही, त्याबद्दल आधी आभार. आज कामाचं विचारायचंय.

माझी साडेचार एकर थॉमसन द्राक्षं आहेत, त्यातली दोन एकर सप्टेंबर छाटणीची. मण्यांत पाणी उतरलंय (म्हणजे गोडी भरायला लागलीय), काल सुरगाण्याच्या बायका घडांना कागद लावत होत्या (ज्यांनी बाग बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऊन थेट लागून मणी गुलाबी पडू नये म्हणून रद्दीचा पेपर गुंडाळतो आम्ही घडाला) आणि एका घडावर गेल्या वर्षीच्या मार्चचा पेपर आला, तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान मे बाईंचा ब्रेक्झिटचा, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचा, करार संसदेत तिसऱ्यांदा पडला ती बातमी. मी तो कागद लावता लावता तसाच वाचत उभा राहिलो. पावणेदोन वर्षांपूर्वीचा पेपर आणि प्रश्न अजून तोच. काल रात्री पंतप्रधान जॉन्सन ब्रसेल्सला जाऊन युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष फॉन डेर लायेन बाईंबरोबर जेवून आला, जमलं काहीच नाही, रविवारपर्यंत बघू म्हणाले.

आता माझा प्रश्न. आजपर्यंत आमच्या एक्सपोर्टवाल्याचा सगळा माल न्हावा शेव्याहून नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला, तिथे एकदा क्लिअर झाला की तो युरोपचाच झाला, मग त्यातले काही पॅलेट जर्मनीला, काही ट्रकने फेरीवर चढून इंग्लंडला, मध्ये कुणी कागद मागत नव्हतं. आता १ जानेवारीपासून इंग्लंड वेगळं. माझा पहिला कंटेनर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात भरेल. एक्सपोर्टवाला म्हणतो "बघू, ते त्यांचं त्यांचं ठरू द्या". पण द्राक्षाला बघू चालत नाही हो. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा तयार माल वेलीवर सोडून द्यावा लागला, शेवटी मनुके केले. यंदा परत तसं सोसणार नाही. तिकडे कुणी या कामात असेल तर कृपा करून सांगा.

---

प्रेषक: ताई, फेलिक्स्टोजवळून (मूळची नाशिकरोडची)
शुक्रवार, ११ डिसेंबर २०२०

भाऊ, मी कस्टम्स क्लिअरिंगमध्येच आहे, बारा वर्षं झाली. थोडक्यात सांगते कारण इथे श्वास घ्यायला वेळ नाही, नोव्हेंबरपासून आमचं पोर्ट तुंबलंय, कोविडचं सामान, ख्रिसमसचं सामान आणि ३१ च्या भीतीने लोकांनी आधीच मागवून ठेवलेलं सामान, सगळं एकदम आलंय.

करार होवो न होवो, कस्टम्सची सीमा तर येणारच. लोकांचा इथे घोळ होतो. ब्रिटन ३१ जानेवारीलाच बाहेर पडलंय, चालू आहे तो संक्रमणाचा काळ, त्यात जुनेच नियम चालले, तो ३१ डिसेंबरला संपतो. करार झाला तर युरोपच्या आणि ब्रिटनच्या मालावर एकमेकांकडे ड्युटी नाही, नाही झाला तर डब्ल्यूटीओचे (जागतिक व्यापार संघटनेचे) दर, गाड्यांवर दहा टक्के वगैरे. पण कागद दोन्हीकडे भरावेच लागणार. म्हणून एक्सपोर्टवाल्याला आत्ताच विचारा की ब्रिटनचा माल वेगळा किती आणि तो थेट ब्रिटनच्या पोर्टला लावता येईल का. बाकीचं करार आला की बघते.

---

प्रेषक: काका, कॉलेज रोड, नाशिक
शनिवार, १२ डिसेंबर २०२०

चिरंजीव,

तुझं पत्र वाचलं. मी १९७२ साली इंग्लंडला गेलो आणि २०१८ मध्ये कायमचा परत आलो हे तुला माहीतच आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे राहणाऱ्याला मत असतं, त्यामुळे मी १९७५ च्या सार्वमतातही मत दिलंय आणि २०१६ च्याही. ७५ साली राहावं म्हणून दिलं, तेव्हा ६७ टक्के लोक राहावं म्हणाले होते. १६ साली बाहेर पडावं म्हणून दिलं. मंडळातल्या बऱ्याच जणांनी त्यावरून माझ्याशी बोलणं कमी केलं, पण मी ते लपवत नाही. माझ्या सख्ख्या भाचीला, पुण्याच्या इंजिनिअर मुलीला, व्हिसासाठी दीड वर्षं झुलवलं आणि शेजारी युरोपातून कुणीही उद्या येऊन कामाला लागू शकत होता. आपली कॉमनवेल्थची माणसं मागे आणि युरोपची पुढे हे मला पटत नव्हतं. तेव्हा बाहेर पडल्यावर भारताशी स्वतःचा करार करू असं सांगत होते, ते मला खरं वाटलं आणि अजूनही मी त्याची वाट बघतोय.

मला राग आहे तो वाटाघाटींचा. ५१.९ विरुद्ध ४८.१, एवढ्या काठावरचा निकाल, त्यावर सगळ्यांना बरोबर घेऊन आधी घरात ठरवायला हवं होतं की आपल्याला नक्की काय पाहिजे, नॉर्वेसारखं अर्धं आत राहायचं, का कॅनडासारखा नुसता व्यापार करार करायचा. ते न ठरवताच निघाले. तू बाजारात माल विकणारा माणूस, तुला काय वाटतं?

---

प्रेषक: बागवाला
रविवार, १३ डिसेंबर २०२०, रात्री

काका, नमस्कार. तुमच्या मताबद्दल मी कधीच काही बोललो नाही आणि बोलणारही नाही, भाचीचं मी जवळून पाहिलंय. पण वाटाघाटींचं विचारलंत म्हणून लिहितो, मोठं होईल.

आमच्याकडे शेतकऱ्याच्या हातात एकच गोष्ट असते, छाटणीची तारीख. कात्री लावायची का, कधी लावायची, ते आपण ठरवतो. पण एकदा कात्री लागली की मग काही आपलं नाही, चार साडेचार महिन्यांत माल तयार होणार म्हणजे होणार, गिऱ्हाईक असो नसो. व्यापाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. तो बागेत येतो, घड हातात घेतो, मणी चावून बघतो, साखर अठराच्या पुढे गेलेली असते तरी म्हणतो "अजून आठ दिवस राहू द्या". त्याला त्या आठ दिवसात काही होत नाही, माझा मात्र प्रत्येक दिवसाला जीव खाली वर होतो, ढग आले की क्रॅकिंग (मणी तडकणं), मग तोच माणूस दहा रुपये कमी सांगतो आणि मी देतो. मी दिलेत काका, दोनदा.

ब्रिटनने कलम ५० ची, म्हणजे बाहेर पडायची, नोटीस २९ मार्च २०१७ ला दिली. ती कधी द्यायची हे पूर्णपणे त्यांच्या हातात होतं, युरोप त्यांना ढकलू शकत नव्हता. नोटीस दिली की दोन वर्षांचं घड्याळ सुरू आणि ती मुदत वाढवायची तर बाकी २७ देशांनी एकमताने हो म्हणायला पाहिजे. म्हणजे एकच ताकदीची गोष्ट होती ती गिऱ्हाईक न ठरवता पहिल्यांदाच खर्च करून टाकली, आणि वर जूनमध्ये निवडणूक लावली, त्यात बहुमत गेलं आणि उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या दहा खासदारांवर सरकार टेकलं. मग घरातलीच दहा माणसं उद्या समुद्रात, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटनच्या मध्ये, सीमा टाकू देणार नाहीत म्हणाली तर तुम्ही समोरच्याला काय शब्द देणार?

दुसरं म्हणजे क्रम. युरोपने सांगितलं आधी हिशोब चुकता करायचे पैसे, नागरिकांचे हक्क आणि आयर्लंडची सीमा, हे मिटवा, व्यापाराचं नंतर. ब्रिटनचा ब्रेक्झिट मंत्री डेव्हिड डेव्हिस म्हणत होता की यावरून उन्हाळाभर भांडण होईल. १९ जून २०१७ ला पहिली बैठक झाली आणि त्याच दिवशी मान्य करून मोकळे झाले. मला तेव्हाच वाटलं की संपलं हे, कारण ३९ अब्ज पौंड हीच तर त्यांच्या खिशातली वजनदार वस्तू होती, ती आधीच टेबलावर ठेवली. आम्ही सुद्धा पैसे हातात पडल्याशिवाय कॅरेट गाडीत चढवत नाही, निदान आता चढवत नाही, एका व्यापाऱ्याने चेक देऊन फोन बंद केल्यापासून.

समोर युरोपच्या वतीने बोलणी करणारा बार्निये एकटा, पहिल्या दिवसापासून तोच, पाठीमागे २७ देश एका कागदावर. इकडे डेव्हिस गेला, राब आला, तोही चार महिन्यांत गेला, बार्कले आला, मग आता फ्रॉस्ट. तो राब तर मंत्री झाल्यावर म्हणाला की इंग्लंडचं डोव्हर ते फ्रान्सचं कॅले या मार्गावर आपला व्यापार किती अवलंबून आहे हे मला पूर्ण समजलं नव्हतं. काका, आमच्या पॅकहाऊसमधल्या पोराला विचारलं तरी ते सांगेल हो, त्याने डब्यावर डोव्हरचा शिक्का बघितलेला असतो.

आणि मी हे ब्रिटनला नावं ठेवायला लिहीत नाही. २०१० साली आपल्या द्राक्षात सीसीसीचा (वेलीची वाढ रोखायच्या औषधाचा) अंश सापडला म्हणून युरोपात कंटेनर अडकले, तेव्हा माझ्या भावाचा माल पण त्यात होता, आम्ही वर्षानुवर्षं वापरत आलेलं ते औषध, आणि तिकडच्या एका आकड्याने घर गहाण पडायची वेळ आली. नियम करणाऱ्यांच्या टेबलावर आपल्याला खुर्ची नसते तेव्हा काय होतं ते आम्ही भोगलंय. ब्रिटनकडे ती खुर्ची ४७ वर्षं होती. ती सोडायची असेल तर सोडा, पण निदान काय बदल्यात घेतोय ते ठरवून उठा.

---

प्रेषक: ताई
मंगळवार, २२ डिसेंबर २०२०

भाऊ, घाईत. कोविडच्या नवीन व्हेरियंटमुळे फ्रान्सने रविवारी रात्रीपासून ट्रक बंद केलेत, केंटमध्ये हजारो ट्रक उभे आहेत, मॅन्स्टनचं जुनं विमानतळ ट्रकने भरलंय. ड्रायव्हर थंडीत कॅबमध्ये झोपतायत, इथल्या शीख मंडळींनी गरम जेवण नेऊन दिलं. हे करार न होण्यामुळे नाही, पण सीमा बंद झाली की काय होतं ते सगळ्या देशाने बघितलं. मला वाटतं आता दोघंही सही करतील.

---

प्रेषक: ताई
सोमवार, २८ डिसेंबर २०२०

करार झाला एकदाचा. २४ ला दुपारी जाहीर केला, बाराशेच्या वर पानं आहेत आणि अंमल चार दिवसांवर! ३० तारखेला एका दिवसात संसद मंजूर करणार म्हणतात. शेवटपर्यंत अडलं होतं मासेमारीवर, जी ब्रिटनच्या उत्पन्नात हजारातला एक भाग. युरोपच्या बोटींचा पाव कोटा साडेपाच वर्षांत हळूहळू ब्रिटनकडे येणार असं ठरलं. कोळी लोकांचं पोट त्यावर आहे म्हणून मी त्याला लहान म्हणणार नाही, पण इथे ज्या बँका आणि ऑफिसांवर निम्मं लंडन जगतं त्यांच्यासाठी त्या पानांत जवळपास काही नाही.

आता तुमच्या कामाचं, नीट वाचा आणि एक्सपोर्टवाल्याला पण पाठवा. ड्युटी नाही हे फक्त युरोपात किंवा ब्रिटनमध्ये पिकलेल्या, बनलेल्या मालाला. तुमचं द्राक्ष भारतातलं. ते रॉटरडॅमला युरोपची ड्युटी भरून क्लिअर केलं आणि मग ट्रकने इकडे आणलं, तर ते युरोपचं होत नाही, भारताचंच राहतं आणि इथे परत ड्युटी लागते. म्हणजे एकाच डब्यावर दोनदा. दोन मार्ग आहेत. एक तर ब्रिटनचा माल वेगळा कंटेनर करून थेट लंडन गेटवे, फेलिक्स्टो किंवा साउथॅम्प्टन. नाहीतर रॉटरडॅमला क्लिअर न करता ट्रान्झिटच्या कागदावर सीलबंद पुढे आणायचा, पण त्याला ड्युटीची गॅरंटी लागते आणि फळाला तो वेळ परवडत नाही. मी तुमच्या जागी असते तर थेट लावला असता.

औषधांचंही सांगते. १ जानेवारीपासून ब्रिटनचं एमआरएल (मालात औषधाचा अंश जास्तीत जास्त किती चालतो तो आकडा) वेगळं चालणार, सुरुवातीला आकडे युरोपचेच उचललेत पण पुढे ते आपले आपण बदलू शकतात. आणि उत्तर आयर्लंड युरोपच्याच नियमात राहतंय. म्हणजे बेलफास्टला युरोपचा आकडा आणि समुद्रापलीकडे लिव्हरपूलला ब्रिटनचा. रेसिड्यूचा (औषधाच्या अंशाचा) रिपोर्ट दोन्ही याद्यांशी ताडून बघा, जो कडक असेल तो धरा.

---

प्रेषक: काका
मंगळवार, २९ डिसेंबर २०२०

ताई, इतकं स्वच्छ मला आजवर कुणी समजावून दिलं नव्हतं. चार वर्षं टीव्हीवर बसून ऐकलं, पण डब्यावर दोनदा ड्युटी हे कुणी बोललं नाही. मत देताना मला हे माहीत असतं तर मी काय केलं असतं याचा काल रात्री विचार करत बसलो होतो. कदाचित तेच दिलं असतं, भाचीसाठी. पण आपल्या नाशकाच्या माणसाच्या मालाला त्याची झळ बसेल हे तेव्हा मनात आलं नव्हतं, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतंय.

---

प्रेषक: बागवाला
रविवार, २४ जानेवारी २०२१

काका, वाईट वाटून घेऊ नका. तुमची भाची तिकडे आहे म्हणून तर गेल्या वर्षी तिने माझे पनेट (द्राक्षाचे छोटे डबे) लंडनच्या दुकानात बघून फोटो पाठवला होता.

ताई, एक्सपोर्टवाल्याला तुमची मेल मराठीतनंच वाचून दाखवली. आधी म्हणाला छोट्या शेतकऱ्यांचा माल वेगळा करता येत नाही, मग आमच्या गावातले पाच जण एकत्र झालो, सगळ्यांची अठरा मिमीच्या वरची थॉमसन, आणि एक पूर्ण कंटेनर फक्त ब्रिटनचा झाला. परवा पहाटे चारला काढणी सुरू केली, बायका डोक्याला बॅटरी लावून घड काढत होत्या, कागद सोडवून बाजूला टाकायचा, देठ धरून घड कॅरेटमध्ये, मण्याला हात लागला तर वरची पांढरट लव जाते म्हणून बोट सुद्धा लावू देत नव्हतो. संध्याकाळपर्यंत प्रिकूलिंगला गेला, काल रात्री कंटेनर भरून न्हावा शेव्याला निघाला. फायटोवर (मालात रोगकीड नसल्याच्या सरकारी दाखल्यावर) यंदा पहिल्यांदाच रॉटरडॅम नाही, थेट लंडन गेटवे लिहिलंय.

दर अजून फुटलेला नाही, तिकडे माल लागल्यावर बोलू म्हणतात. कंटेनर नंबर आणि रेसिड्यूचा रिपोर्ट तुम्हाला वेगळा पाठवतो. पोर्टला लागला की दार उघडल्यावर आतलं तापमान किती दाखवतंय आणि देठ हिरवे आहेत का, एवढं कुणाकडून तरी बघून कळवा.