पोस्टग्रेस: फंक्शन क्रिएट होतं, कॉल केलं की 'ॲम्बिग्युअस'

नवा_डेव्ह
मंडळी जरा बघा. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये (डेटाबेस पोस्टग्रेस) सभासदवार एकूण ठेव काढायचं फंक्शन लिहिलंय, रिटर्न्स टेबलमध्ये सभासद_क्र इंटिजर, नाव टेक्स्ट, एकूण इंटिजर, आणि आत रिटर्न क्वेरी. क्रिएट करताना काही बोलत नाही, कॉल केलं की सभासद_क्र ॲम्बिग्युअस म्हणतो, म्हणजे नाव नक्की कशाचं ते कळत नाही. दोन टेबलांचा जॉइन यूजिंगने (दोन्हीकडच्या एकाच नावाच्या कॉलमवर) केलाय, तीच क्वेरी फंक्शनच्या बाहेर मस्त चालते!

टेबलवाला
पीएल-पीजीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसची फंक्शन लिहायची भाषा) रिटर्न्स टेबलमधली नावं आतमध्ये व्हेरिएबल होऊन बसतात, मग सभासद_क्र म्हणजे व्हेरिएबल की कॉलम हे त्याला कळत नाही. क्रिएट करताना आतल्या क्वेरीचा फक्त सिंटॅक्स बघतो म्हणून तेव्हा गप्प. टेबलला स असा एलियास, म्हणजे छोटं नाव, दे आणि स.सभासद_क्र लिही, ग्रुप बायमध्ये पण. बॉडीच्या सुरुवातीला हॅश व्हेरिएबल_कॉन्फ्लिक्ट यूज_कॉलम (गोंधळ झाला तर कॉलमच धर) टाकूनही भागतं, पण मला ते आवडत नाही, सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला काही कळत नाही.

नवा_डेव्ह
ती एरर गेली, दुसरी आली 😅 क्वेरीचं स्ट्रक्चर रिझल्ट टाइपशी जुळत नाही, कॉलम 2. नाव टेबलमध्ये व्हारकॅर 80 आहे, टेक्स्टला चालायला नको का?

क्वेरीताई
नाही चालत, रिटर्न क्वेरीला टाइप तंतोतंत लागतो. नाव टेक्स्टला कास्ट कर, म्हणजे टाइप बदलून दे. ते केलंस की कॉलम 3 वर अडशील, कारण तो एका वेळी पहिलीच चूक दाखवतो आणि इंटिजरचा सम बिगइंट (मोठा इंटिजर) येतो. तिथे मात्र उलटं कास्ट करू नकोस, बेरीज इंटिजरच्या मर्यादेच्या, 2147483647 च्या वर गेली की फुटेल, वरती रिटर्न्स टेबलमध्येच बिगइंट कर. क्रिएट ऑर रिप्लेस रिटर्न टाइप बदलू देत नाही, आधी ड्रॉप करावं लागेल, आणि ड्रॉपबरोबर दिलेले ग्रँटही (फंक्शन वापरायच्या परवानग्या) जातात ते परत दे.

जुना_खोड
एवढ्याशा सिलेक्टला पीएल-पीजीएसक्यूएल कशाला पण? लँग्वेज एसक्यूएल, स्टेबल (डेटा बदलत नाही असं सांगणारं) ठेवा, प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा) बहुतेक वेळा फंक्शन मेन क्वेरीत उलगडून घेतो. नाहीतर रिटर्न क्वेरी सगळ्या रो आधी गोळा करते, बाहेर लिमिट 10 लावलं तरी. फक्त पॅरामीटरचं नाव कॉलमसारखं ठेवू नका, एसक्यूएल फंक्शनमध्ये एरर येत नाही, गुपचूप कॉलम जिंकतो आणि वेअर शाखा = शाखा होऊन सगळ्या शाखा येतात.

नवा_डेव्ह
चाललं! पण सगळं एकाच कॉलममध्ये कंसात येतंय.

टेबलवाला
नुसतं सिलेक्ट करून फंक्शन लिहिलंयस. सिलेक्ट स्टार फ्रॉम फंक्शन कर. फंक्शनला कंस करून पुढे डॉट स्टार लावू नको, त्यात प्रत्येक कॉलमसाठी फंक्शन वेगळं पळतं.