जोडीचा कॅमेरा निवडताना

डीएसएलआरला (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याला) जोड म्हणून खिशात मावणारा सुपरझूम, म्हणजे दूरचे खूप जवळ आणणारा छोटा कॅमेरा, घ्यायचा असेल, तर झूमचा आकडाच निर्णायक मानावा का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. सोनी एचएक्स९९ चा ७२० मिमीपर्यंतचा झूमचा पल्ला (आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते) मोह घालतो; परंतु त्याचा १/२.३ इंची सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) क्षेत्रफळाने एक इंची सेन्सरच्या जेमतेम चौथा हिस्सा असल्याने, नागपूरच्या अंबाझरी तलावावर पहाटेच्या अंधुक प्रकाशात पक्षी टिपताना आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची संवेदनशीलता) वाढवावा लागतो आणि पिसांचे बारकावे पुसले जातात. एक इंची सेन्सरच्या पॅनासॉनिक टीझेड२०० चा ३६० मिमीपर्यंतचा पल्ला मला पुरेसा वाटतो, कारण त्यापलीकडचे काम आपल्या डीएसएलआरवरची टेलिलेन्स (दूरचे टिपणारी लेन्स) करणारच आहे. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून दृश्य पाहण्याची खिडकी) मात्र हवाच. नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात मागच्या पडद्यावरचे चित्र धड दिसत नाही.