दम्याचा अटॅक आणि छोटा दवाखाना: मशीन एक, पेशंट तीन

तुर्भे_स्टाफनर्स
नागरी आरोग्य केंद्रात वाफेचं मशीन (नेब्युलायझर) एकच, ऑक्सिजनचा बी टाइप सिलेंडर एक. पावसाळ्यात दोघं-तिघं एकदमच धापा टाकत येतात आणि वीज गेली की मशीन बंद. आधी कोणाला लावायचं? १०८ ला फोन कधी करायचा?

ठाणे_एमओ
सिस्टर, मशीनसाठी रांग लावूच नका. बहुतेक पेशंटना साल्ब्युटामॉलचा (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) मशीनइतकाच लागू पडतो, विजेचीही गरज नाही. १०० मायक्रोग्रॅमचा पंप: ४ ते १० पफ, दर २० मिनिटांनी, पहिला तासभर. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला मास्क लावून २ ते ६. हमखास चुकतं ते इथे: सगळे पफ एकदम मारले जातात आणि औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. पंप हलवा, एक पफ, चार-पाच श्वास, मग पुढचा. स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून न पुसता वाळवा. फडक्याने पुसलात तर स्थिर वीज तयार होऊन औषध आणखी चिकटतं.

प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) पहिल्या तासातच द्या. मोठ्यांना ४०–५० मिग्रॅ, मुलांना किलोमागे १–२ मिग्रॅ, जास्तीत जास्त ४०. गुण यायला चारेक तास लागतात, म्हणूनच ‘आधी वाफेने बघू’ म्हणत थांबायचं नाही.

घणसोली_छातीविकार
मोठ्या माणसाला वाक्य पुरं करता येत नाही, श्वास मिनिटाला ३० च्या वर, नाडी १२० च्या वर, किंवा ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९० च्या खाली: यातलं काहीही दिसलं की उपचार सुरू करतानाच १०८ लावा. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोडवर गाडी कधी पोचेल याचा नेम नाही. गुंगी, गोंधळ किंवा घरघर अचानक बंद होणं सगळ्यात वाईट. छाती शांत झाली म्हणजे आराम पडला असं नव्हे, हवाच आत जात नाही. अशांना साल्ब्युटामॉलसोबत वाफेतून इप्राट्रोपियम (श्वासनळ्या मोकळ्या करणारं दुसरं औषध) ५०० मायक्रोग्रॅमही.

तुर्भे_स्टाफनर्स
आणि डेरिफायलीन (दम्यावरचं जुनं इंजेक्शन)? नातेवाईक सुईशिवाय ऐकत नाहीत.

ठाणे_एमओ
नको. पंपावर फारशी भर पडत नाही, उलट्या आणि हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती मात्र खरी. झोपेचं इंजेक्शन तर अजिबात नको. उलटी होत नसेल तर स्टेरॉइडची गोळी सुईइतकीच चालते, हे नातेवाइकांना आधीच सांगा.

ऑक्सिजन_बायोमेडिकल
मशीन साधी हवा फेकतं, ऑक्सिजन नाही. सॅच्युरेशन कमी असेल तर वाफ सिलेंडरवर द्या: फ्लो मिनिटाला ६ ते ८ लिटर, मशीनच्या कपात औषध आणि सलाईन मिळून ४ मिली. त्यापेक्षा कमी भरलं तर बरंच औषध कपातच राहतं. एरवी मोठ्यांना ९३–९५, मुलांना ९४–९८ टक्के राहील एवढाच फ्लो ठेवा. भरलेल्या बी टाइपमध्ये साधारण १५०० लिटर, म्हणजे ६ च्या फ्लोवर चारेक तास. सिलेंडरची चावी साखळीने सिलेंडरलाच बांधा, कपाटात नको. ऐन वेळी तीच सापडत नाही.