द्राक्षमळ्याचा मालक अन् मोंढ्यातला काटा

जुनाजालना: काल इथं एकानं लिहिलं, “बायबलचा न्याय रविवारपुरता. मत्तय 20 मधल्या येशूच्या गोष्टीतला मळेवाला संध्याकाळी पाचला लावलेल्या, तासभर राबलेल्यालाही सकाळपासूनच्यांइतकाच पूर्ण दिनार देतो. असा धंदा केला तर आठवड्यात दिवाळं.” डोकं सणकलं. संध्याकाळी पाचला मजूर अड्ड्यावर कोण उरतं, बघितलंय कधी? म्हातारे, लंगडे, तापानं फणफणलेले. मालक विचारतो, रिकामे का उभे? ते म्हणतात, कुणी कामाला लावलंच नाही. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. अर्धा दिला तर घरी अर्धीच लेकरं जेवतात का? आणि रविवारपुरतंच असतं तर ‘मजुरी सूर्य मावळायच्या आत दे’ हे बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, अध्याय 24 मध्ये, कशाला आलं असतं?

मोंढेवाला: पोस्ट माझीच. सकाळपासून उन्हात ज्यानं पाठ भाजली त्याचं काय? माझे हमाल उद्यापासून चारला उगवतील. दया वेगळी, हिशोब वेगळा.

बदनापूरकर: मामा, हिशोबाचं तुम्ही नका बोलू. दिवाळीत मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तुमच्याकडं 20 क्विंटल सोयाबीन घातलं. ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागं 2 किलो कडता, म्हणजे वजनात कपात. वर हमाली, तोलाई. अनुवाद 25 वाचा, थैलीत दोन वजनं ठेवू नको, एक मोठं, एक लहान.

मोंढेवाला: मलाही पुढं मिलवाला कापतो, ते कोण बघणार? मालात माती निघते, काडीकचरा निघतो.

बदनापूरकर: काडीकचरा! बायबलातल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, अध्याय 8 मधले व्यापारी गव्हाचं भुसकटसुद्धा विकतात. घेताना कचरा कापायचा अन् विकताना घालायचा. आमोस मेंढरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस. मोंढा त्याला बरोबर कळला.

मास्तर: सगळे पोत्यावर घसरले. मूळ प्रश्न मळ्याचा होता.

कोयत्याची लेक (बीड): राहू द्या मास्तर पोत्यावरच. आमच्यात, ऊसतोडीत, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, बापाच्या नावावर, मोळ्या आई वाहते. ती तापानं पडली की खाडा. सूर्य मावळायचं सोडा, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी तिच्या हातात पैसा येत नाही.

बेथेलचा नातू: दुसऱ्यांना शिकवायच्या आधी आपलं बघा. पणजोबा मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीत वाढले. 1950 च्या आदेशानं आम्ही दलित ख्रिस्ती अनुसूचित जातीच्या यादीबाहेर. शीख 1956 ला आत आले, बौद्ध 1990 ला. आम्ही अजून दारातच. ते सरकारचं झालं. पण आमच्याच मंडळीत सोयरिकीला मूळ जात विचारतात, अन् पहिल्या बाकावर अंगठीवाले. अंगठीवाल्याला मानाची जागा देऊन गरिबाला हिणवू नका सांगणारा याकोबाच्या पत्राचा अध्याय 2 कुणासाठी लिहिलाय?

मास्तर: यासाठी वेगळा धागा काढा.

बेथेलचा नातू: वेगळंच तर बसवताय कायम.

जुनाजालना: बाकाचं खरं आहे. आमच्याकडंही तेच. पण त्यानं मळेवाला खोटा पडत नाही.

मोंढेवाला: बरं बाबांनो, मोठे संदेष्टे निघालात! अड्ड्यावरच्या म्हाताऱ्यांचं एक पटलं, तेवढंच. उद्या काट्यावरचा वजनमापेवाल्यांचा शिक्का दाखवतो. या सगळे चहाला.

बदनापूरकर: चहा नको. बायबलातला जकातदार जक्कय येशूला म्हणाला होता, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत देतो. मला पटीचं नको, माझे 40 किलो द्या.