जीपला स्पेसर लावावे की नाही? वाद घाला, पण आधी नटाचे फेरे मोजा

काळीमाती:
पाऊस लागला की पांदणीत जीप रुतते, म्हणून रुंद टायरची हौस आमच्या भागात गावोगाव पोहोचली आहे. रुंद टायर आतून स्प्रिंगच्या पाट्यांना घासतो. मग चाक बाहेर सरकवायला हब (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि रिमच्या मध्ये जाड चकती घालायची, तीच स्पेसर. माझं मत सरळ आहे: हबला नेमका बसणारा, स्वतःचे स्टड (नट ज्यावर चढतो ते आट्यांचे दांडे) असलेला स्पेसर नीट आवळून लावला तर चालतो. नुसती चकती घालून मूळ स्टडवरच नट चढवणं मात्र जिवाशी खेळ. १२ मिमीच्या स्टडवर नट किमान १२ मिमी चढला पाहिजे. दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी असेल तर ते आठ पूर्ण फेरे, १.२५ असेल तर जवळपास दहा. स्पेसरबद्दल मत मांडणाऱ्याने आधी आपल्या गाडीचे फेरे मोजून यावं.

पांढरकवड्याचा:
राजेहो, एवढं डोकं काहून लावता? लेथवाल्याकून चकती कातून घ्या, आहे तेच नट आवळा, झालं. अर्ध्या तालुक्यातल्या गाड्या तशाच फिरून राहिल्या. अन् ट्रॅक्टरचं काय? पऱ्हाटीत डवरणी कराची असली की मागची चाकं आपण उलटीपालटी करून रुंद करतोच ना. तवा कोणी फेरे मोजते का?

काळीमाती:
भाऊ, ट्रॅक्टरचा रिम आणि डिस्क कंपनीनेच तशी केलेली असते. डिस्क कशी फिरवली तर किती रुंदी मिळेल याचा तक्ता पुस्तकात असतो, आणि नट प्रत्येक वेळी पूर्णच चढतो. तिथे मध्ये काही घुसवत नाही आपण. शिवाय ट्रॅक्टर रस्त्यावर ८० ने पळत नाही.

चकती ५ मिमीची जरी घातली तरी मूळ स्टडचे तेवढेच आटे जातात. १.२५ च्या आट्यांवर चार फेरे गेले. दहातून चार गेल्यावर उरलं काय, ते तुम्हीच सांगा.

हिंगणघाटवाला:
मी दोघांच्याही विरोधात. स्पेसर कोणताच नको. टायर घासतो तर कमी ऑफसेटचा रिम घ्या. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी त्याची बाजू यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. ४० चा रिम काढून १५ चा घातला की चाक २५ मिमी बाहेर येतं, मध्ये काहीही न घालता. कापसाची पोती लादून जाणाऱ्या गाडीचं चाक स्पेसरने बाहेर काढलं तर बेअरिंग आणि अ‍ॅक्सलवर वाकवणारा भार वाढतो. हे कोणीच बोलत नाही.

आणि कायदा? मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. अपघात झाला तर विमावाला पहिलं हेच काढेल.

काळीमाती:
बेअरिंगचा मुद्दा अर्धाच सांगितला तुम्ही. चाक २५ मिमी बाहेर गेलं की बेअरिंगला भार वाढतो, मग ते स्पेसरने गेलं असो की तुमच्या १५ च्या रिमने. बेअरिंगला काय कळतं मध्ये काय आहे ते.

कायद्याचं म्हणाल तर कलमात आरसीतल्या तपशिलांचा उल्लेख आहे, आणि ऑफसेट आरसीत लिहिलेला नसतो. पण विमावाल्याची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. टायर मडगार्डच्या बाहेर आला तर पोलिसही थांबवेल आणि मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर खडीही उडेल. तेवढं बाहेर काढूच नये.

हिंगणघाटवाला:
भार सारखाच, मान्य. पण जोड किती? रिम बदलला तर एकच जोड, नट डोळ्यांसमोर. तुमच्या स्पेसरमध्ये दोन जोड, आणि आतले नट चाकाखाली झाकलेले. ते ढिले झाले हे कळणार कसं? चाक काढल्याशिवाय पाना लागत नाही. पांदणीतून रोज जाणारा माणूस दर आठवड्याला चाक काढून बसणार आहे का?

स्टड_मिस्त्री:
हिंगणघाटवाल्यांचा हा मुद्दा वजनदार आहे, आतले नट हीच स्पेसरची खरी डोकेदुखी. तरीही लावायचेच असतील त्यांच्यासाठी लिहितो. वर्कशॉपमध्ये रोज हेच पाहतो.

गाडीचं वजन स्टड पेलतात हा समज चुकीचा. नट आवळल्यावर स्टड ताणला जातो, त्या ताणाने रिम हबवर दाबला जातो, आणि त्या दाबातून येणारं घर्षण भार पेलतं. म्हणून एकमेकांना टेकणारे दोन्ही चेहरे (सपाट बाजू) स्वच्छ हवेत. गंज, रंग, वाळलेली काळी माती मध्ये राहिली की ती हळूहळू दबते आणि नट आपोआप ढिला पडतो. स्पेसर लावल्यावर ५० ते १०० किमीनंतर परत आवळायचं ते यासाठीच. लेथवाल्याच्या चकतीत गोम अशी की दोन्ही बाजू समांतर आहेत का, हे कोणी तपासत नाही. व्हर्नियर घेऊन चार ठिकाणी जाडी मोजा. फरक दिसला तर ती चकती बाजेच्या पायाखाली घाला.

लांब स्टड घ्यायचे तर डोक्यावर मजबुतीचा आकडा १०.९ आहे का बघा. ८.८ च्या मानाने तो बराच जास्त ताण झेलतो. त्याहून महत्त्वाचा स्टडचा दातेरी भाग. त्याची जाडी हबच्या भोकाशी जुळली नाही तर एकतर स्टड बसणार नाही, नाहीतर नट आवळताना जागेवर फिरत राहील. जुळता स्टड प्रेसने बसवा. हातोड्याने ठोकला की बहुतेकदा वाकडा बसतो.

आटेही बघा. मारुतीच्या बहुतेक गाड्यांत १२ × १.२५ (स्टडची जाडी × आट्यांचं अंतर, मिमीत), इनोव्हात १२ × १.५. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे चढतो, मग अडतो. तिथे इम्पॅक्ट गन (नट झटक्याने आवळायचं यंत्र) मारली की दोन्ही गेले. नटाची बसकही जुळली पाहिजे: रिमचं भोक शंकूसारखं असेल तर शंकूचाच नट, गोल असेल तर गोल.

स्वतःच्या स्टडवाल्या स्पेसरमध्ये मूळ स्टडची टोकं चकतीच्या चेहऱ्याबाहेर डोकावली तर रिम टेकतच नाही. पातळ स्पेसरमध्ये हे हमखास होतं. आणि एकावर एक दोन स्पेसर कधीच नको.

पांढरकवड्याचा:
मिस्त्री, आता पटून राहिलं थोडं. पण आवळाचं किती? इथं तं पान्याले पाइप लावते अन् त्यावर उभं राहाते.

स्टड_मिस्त्री:
तेच बंद करा. जास्त आवळल्याने स्टड ताणून लांबतो आणि मग कुठेतरी रस्त्यात तुटतो. १२ मिमीच्या स्टडला साधारण १०० न्यूटन-मीटर (आवळायच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप), नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. आट्यांना तेल-ग्रीस नको, नाहीतर त्याच आकड्यावर जास्त ताण बसतो. आवळताना समोरासमोरचे नट, एका ओळीने नाही.

पांढरकवड्याचा:
अन् टॉर्क पाना? आमच्या गावात कोणापाशीच नाही.

काळीमाती:
कापूस वेचणीच्या वेळी पोतं टांगून मोजायचा काटा तर घरी आहे ना? पाना आडवा धरा, नटाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर काट्याचा हुक अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. काट्यावर २० किलो आलं की १०० च्या जवळ आलात.

हिंगणघाटवाला:
बाहेरच्या नटांसाठी युक्ती झकास. आतल्या नटांसाठी चाक काढावंच लागणार. मी आपला रिमच घेतो.