महापालिकेचा टँक: क्लोरिनचा आकडा फळ्यावर लावा, नाहीतर बॅच रद्द करा

चिंचपान:
मे महिना आला की पोहण्याच्या टँकवर झुंबड. सकाळी सहाला पाणी निळंशार असतं, अकराच्या बॅचपर्यंत तळाच्या काळ्या पट्ट्याही धड दिसत नाहीत. तरी शिट्टी वाजते आणि पोरं धडाधड आत. माझं म्हणणं सरळ आहे: दर बॅचआधी मोकळं क्लोरिन (घाणीत न अडकलेलं, जंतू मारू शकणारं) आणि पीएच (पाणी किती आम्ल-अल्कली त्याचा आकडा) फळ्यावर लिहा. क्लोरिन लिटरला किमान 1 मिलिग्रॅम, पीएच 7.2 ते 7.8. नसेल तर बॅच रद्द, पैसे परत.

सकाळचीबॅच:
झालं सुरू! अशाने लोक मुलांना पाण्याजवळ फिरकू देत नाहीत. दर उन्हाळ्यात विहिरीत, धरणात पोरं बुडतात ती पोहता येत नाही म्हणून. टँकवर कान दुखला म्हणून कोण दगावलंय? आणि आमच्याकडे दारातच क्लोरिनचा वास येतो. अजून काय पाहिजे?

ओलीपायरी:
अहो, तो वासच तर तक्रार आहे. घाम आणि लघवी क्लोरिनला भिडली की क्लोरामाइन तयार होतं. नाकाला झोंबतं ते, डोळे लाल करतं ते, आणि जंतू मारायला ते फारच दुबळं. आमच्या टँकवरचा माणूस ओटी टेस्टची (क्लोरिन असलं की पाणी पिवळं होतं ती) पिवळी नळी दाखवून ‘आहे की क्लोरिन’ म्हणतो. नळी चार-पाच मिनिटं धरून ठेवली तर हे निकामी क्लोरिनसुद्धा पिवळंच दिसतं! मोकळं किती ते डीपीडी नावाच्या तपासणीच्या गोळीने कळतं, पाणी गुलाबी होतं.

सकाळचीबॅच:
मग दोष टँकचा की पोहणाऱ्यांचा? डोक्याला तेल चोपडून, शॉवर न घेता उडी मारणारे कोण?

चिंचपान:
शॉवरला पाणी तर येऊ द्या. आणि बुडण्याचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो, तळ दिसत नसेल तर तळाला गेलेलं पोर जीवरक्षकालाही दिसणार नाही.

कानवाला:
मी कान-नाक-घसा बघतो. उन्हाळ्यात कानाची पाळी जरा ओढली की कळवळणारी मुलं येतात. बऱ्याचदा स्युडोमोनास निघतो. हा जिवाणू टाइल्सच्या फटीत, फिल्टरमध्ये बुळबुळीत थर धरून बसतो, तिथे क्लोरिन नीट पोचत नाही. म्हणजे घासणं आणि बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) चुकवून चालत नाही. मोकळं क्लोरिन पुरेसं असेल तर ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू मिनिटभरात मरतो. क्रिप्टोस्पोरिडियम (हा जिवाणू नव्हे, जुलाब करणारा परजीवी) मात्र त्याच पाण्यात आठवडाभर तग धरतो, म्हणून जुलाब झालेल्या मुलाला टँकवर आणूच नका. बाकी पोहायला जरूर पाठवा.

सकाळचीबॅच:
फळ्याला माझी ना नाही. पण बॅच रद्द नको. क्लबवाल्यांचं काय अडतंय? झोपडपट्टीतल्या पोराला सुट्टीत हा एकच टँक.

चिंचपान:
म्हणून त्याने कसल्याही पाण्यात उतरायचं का?

ओलीपायरी:
ते जाऊ द्या, आकडा लिहिणार कोण? ठेकेदाराचाच माणूस असेल तर रोज 1.5 ठरलेला. पालकांपैकी कोणीतरी समोर उभं राहून गोळी टाकायला लावली, तरच त्या फळ्याला अर्थ.