टेक्ट्रॉनिक्स ४६५ : +१५ व्होल्टचा पुरवठा बसला आहे, शोध कोठून सुरू करावा?

दोलनरेषा (पुणे)

माझ्याकडे टेक्ट्रॉनिक्सचा ४६५ हा १०० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप (विद्युत संकेताचा आलेख पडद्यावर दाखवणारे उपकरण) आहे. तो बरीच वर्षे कपाटात बंद होता. आता सुरू केल्यावर पडद्यावर रेषा उमटत नाही. फ्यूज मात्र शाबूत आहे. सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवून टेस्ट पॉइंटवर मोजले असता +११०, +५५, +५ आणि −८ व्होल्ट हे चारही पुरवठे जागच्या जागी आढळले, पण +१५ व्होल्टच्या ठिकाणी जेमतेम ०.९ व्होल्ट मिळतात. उपकरण बंद करून +१५ आणि चॅसी यांच्यामधला रोध मोजला, तर प्रोब अदलाबदल करूनही तो २ ओहमच्या आसपासच राहतो. सर्व मोठे फिल्टर कपॅसिटर आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे डायोड) एकदमच बदलून टाकावेत, असा विचार आहे व त्यासाठी लॅमिंग्टन रोडवर सामानाची चौकशीही केली आहे. हा मार्ग योग्य आहे का?

जुनीमापे

अजून काहीही विकत घेऊ नका. तुमच्या मोजमापांतच बरेचसे उत्तर आले आहे. या ऑसिलोस्कोपमध्ये +५५ व्होल्टचा पुरवठा हा इतर पुरवठ्यांचा संदर्भ आहे, म्हणून तपासणी नेहमी तेथूनच सुरू करावी. तो बिघडला असता तर बाकीचेही ढळले असते. तो स्थिर आहे आणि एकच पुरवठा बसला आहे, याचा अर्थ दोष त्या पुरवठ्याचे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये तरी आहे किंवा त्याच्यावरच्या भारात तरी. प्रोब उलटसुलट करूनही रोध २ ओहमच राहत असेल, तर तेथे अर्धवाहकाचे जंक्शन नसून सरळ शॉर्ट आहे. रेग्युलेटर आपली प्रवाहमर्यादा पाळत आहे, म्हणूनच फ्यूज उडालेला नाही.

या पिढीच्या उपकरणांत अशा शॉर्टचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पुरवठ्याच्या वाटेवर ठिकठिकाणी बसवलेले थेंबाच्या आकाराचे छोटे टँटलम कपॅसिटर. ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारे होतात तेव्हा बहुधा त्यांची धारिता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. टँटलम मात्र बिघडला की बहुधा शॉर्ट होतो, आणि पुष्कळदा बाहेरून त्याची काहीच खूण दिसत नाही. +१५ व्होल्टची वाट अनेक बोर्डांवर फिरते. म्हणून ज्या जोडण्या कनेक्टरवरून काढता येतात, त्या एकेक करून काढाव्यात आणि प्रत्येक वेळी रोध मोजावा. ज्या बोर्डाची जोडणी काढल्यावर तो वाढेल, त्या बोर्डावर गुन्हेगार आहे.

पुढचा टप्पा मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे एकेक कपॅसिटर उचकटून जुन्या बोर्डाचे ट्रॅक उखडण्याची वेळ येत नाही. ऑसिलोस्कोप मेनपासून पूर्ण वेगळा ठेवून, बाहेरच्या बेंच पॉवर सप्लायने त्या वाटेवर सुमारे ०.३ व्होल्ट द्यावेत आणि प्रवाहाची मर्यादा २०० मिलिअँपियरवर ठेवावी. एवढ्या कमी दाबाला सिलिकॉनची जंक्शने वाहत नाहीत, त्यामुळे जवळजवळ सगळा प्रवाह शॉर्टमधूनच जातो. आता मल्टिमीटर मिलिव्होल्टच्या पल्ल्यावर ठेवून काळा प्रोब सप्लायच्या ऋण टोकाला लावावा आणि लाल प्रोबने ट्रॅकवर पुढे पुढे मोजत जावे. शॉर्टच्या दिशेने व्होल्टेज थोडेथोडे उतरत जाते. शॉर्टपलीकडे किंवा प्रवाह जात नाही अशा फाट्यावर ते उतरायचे थांबते. जेथे ते सर्वांत कमी आहे, त्याच्या शेजारचा कपॅसिटर आधी सोडवून तपासावा.

रोहित्र

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मोठ्या फिल्टर कपॅसिटरविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण ‘सगळे बदला’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने चांगली उपकरणे बिघडतात.

हे कपॅसिटर खराब आहेत की नाहीत, हे मोजून ठरवता येते. आपल्याकडे मेन ५० हर्ट्झची आहे, म्हणून फुल-वेव्ह ब्रिजनंतरचा रिपल (डीसीत उरलेला चढउतार) १०० हर्ट्झचा असतो आणि दोन शिखरांत १० मिलिसेकंदांचे अंतर पडते. भार १ अँपियरचा व कपॅसिटर ५००० मायक्रोफॅरडचा असेल, तर तेवढ्या वेळात व्होल्टेज फार तर २ व्होल्टने उतरेल. धारिता १००० मायक्रोफॅरडवर आली असेल तर हाच उतार १० व्होल्टपर्यंत जाईल, रेग्युलेटरला पुरेसा दाब मिळणार नाही आणि पडद्यावरची रेषा लहरू लागेल. रिपल १०० ऐवजी ५० हर्ट्झचा दिसला, तर कपॅसिटरला दोष न देता ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडला आहे का, ते पाहावे.

बदलणे भागच पडले, तर जुन्या डब्याच्या कपॅसिटरला ऋण बाजूचे अनेक पाय असतात आणि ते पाय बोर्डावरचे वेगवेगळे ग्राउंड ट्रॅक एकमेकांना जोडत असतात, हे ध्यानात ठेवावे. तेथे दोन पायांचा नवा कपॅसिटर बसवला आणि ते ट्रॅक तारेने जोडले नाहीत, तर पूर्वी नसलेला दोष निर्माण होतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे मागच्या बाजूचा मेन व्होल्टेजचा निवडक. तो २३० व्होल्टच्या गटात असला, तरी त्यातला पल्ला खालचा निवडलेला असेल आणि तुमच्या घरी २४० व्होल्टच्या वर दाब येत असेल, तर रेग्युलेटरमधले सिरीज ट्रान्झिस्टर विनाकारण तापत राहतात.

सिरीजबोर्ड

सुरक्षिततेबद्दल थोडे लिहितो. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सुरू करताना १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब मेनच्या वाटेवर सिरीजमध्ये ठेवावा, म्हणजे शॉर्ट राहिला असला तरी प्रवाह मर्यादित राहतो. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. हा उपाय ४६५ सारख्या साध्या ट्रान्सफॉर्मरच्या पुरवठ्याला लागू आहे. टेक्ट्रॉनिक्सच्याच २४६५ मालिकेतल्या स्विचिंग पुरवठ्याला बल्बमुळे अपुरा दाब मिळाला, तर तो सुरू होण्याच्या प्रयत्नातच अडकून राहू शकतो आणि मग आपण नसलेला दोष शोधत बसतो. साधा व्हेरिअॅक (मेनचे व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) मेनपासून विलग करत नाही, हेही विसरू नये. पिक्चर ट्यूबला मिळणारा दाब हजारो व्होल्टचा असतो, तेव्हा त्या भागात हात घालण्याचे तुम्हाला सध्या काहीच कारण नाही. ११० व्होल्टच्या बाजूचे फिल्टर कपॅसिटर मात्र बंद केल्यावरही भरलेले राहू शकतात. ते १ किलोओहम, ५ वॉटच्या रोधातून रिकामे करावेत आणि मीटरवर खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नये.

दोलनरेषा (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ट्रिगरच्या बोर्डाची जोडणी काढताच रोध वाढला. ट्रॅकवर मोजत गेल्यावर सर्वांत कमी व्होल्टेज एका टँटलमपाशी मिळाले, आणि सोडवल्यावर तो दोन्ही दिशांनी शॉर्ट निघाला. आता +१५ च्या ठिकाणी १५.०२ व्होल्ट आहेत आणि रेषा उमटली आहे. त्या जागी काय बसवावे? आणि +५५ च्या ठिकाणी ५५.१ व्होल्ट दिसतात, ते नेमके ५५ करून घ्यावेत का?

जुनीमापे

तेवढ्याच धारितेचा, ३५ व्होल्टचा टँटलम बसवावा. १५ व्होल्टच्या वाटेवर २० व्होल्टचा भाग लावणे मला पटत नाही, कारण टँटलमला दुपटीची मोकळीक दिलेली बरी. ध्रुव दोनदा तपासावा, कारण उलटा लागलेला टँटलम पेट घेऊ शकतो. +५५ च्या स्क्रूला मात्र हात लावू नका. मॅन्युअलमधल्या सहनमर्यादेत तो बसत असेल, तर तसाच राहू द्यावा; तो फिरवला की त्याच्यावर बेतलेले सगळे पुरवठे सरकतात आणि उभ्या-आडव्या दोन्ही मापांचे पूर्ण कॅलिब्रेशन नव्याने करावे लागते.